खेडलेकरांचा एकुलता एक देव

शनिवार, १३ ऑक्टोबर १९८४. शहाऐंशी डॉलर पन्नास सेंट.

एवढ्या रकमेची पावती घेऊन जगन्नाथ खेडलेकर संध्याकाळी आमच्या घरी आले. शिकागोतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयात प्राचीन इजिप्तवर आठ शनिवारांची व्याख्यानमाला सुरू झाली होती, तिची ही फी. ही रक्कम आमच्या मराठी मंडळाने सांस्कृतिक खर्चात धरून त्यांना परत द्यावी, असं त्यांचं म्हणणं. मी मंडळाचा खजिनदार.

"व्याख्यानं मंडळाने ऐकली का?" मी विचारलं.

"ऐकतील की. माझ्याकडून ऐकतील."

"मग ऐकल्यावर बघू."

त्यांनी पावतीची नीट घडी घातली, दोन कप चहा घेतला आणि गेले. शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्ग गावाचा आणि इजिप्तच्या एकेश्वरवादाचा संबंध आला तो असा.

खेडलेकर तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. पुण्याला मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि १९६६ साली बायकोसह अमेरिकेत आले. शॉमबर्गमधल्या ज्या कंपनीत ते नोकरीला होते, ती ऑफिसांच्या काचांवर चिकटवायची गडद फिल्म बनवत असे. ऊन आत येऊ नये, एवढाच त्या फिल्मचा उपयोग. सूर्याखेरीज दुसरा देव मानायचा नाही असं पुढे ज्याने ठरवलं, तो माणूस सोमवार ते शुक्रवार त्याच सूर्याला बाहेर थोपवण्याचा पगार घेत होता. ही विसंगती मी त्यांना एकदा दाखवली. ते म्हणाले, "काम वेगळं, श्रद्धा वेगळी." नागपूरला सरकारी हिशेब तपासत होतो तेव्हा हे वाक्य मी दोघांकडून ऐकलं होतं. दोघेही पुढे निलंबित झाले.

त्यांच्या मतपरिवर्तनाचं मूळ मात्र इजिप्तमध्ये नव्हतं. ते एका चर्चच्या बेसमेंटमध्ये होतं. तिथला हॉल भाड्याने घेऊन आमचं मंडळ दरवर्षी गणपती बसवतं. मूर्ती फायबरग्लासची, दरवर्षी तीच. शेवटी तिच्यावर बादलीतलं पाणी शिंपडायचं, पुढच्या वर्षी लवकर या म्हणायचं आणि खोक्यात भरायची. त्या सप्टेंबरात, गणपतीतच, मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. गिरीश नावाचा पस्तिशीतला कॉम्प्युटरवाला एकोणसत्तर मतं मिळवून निवडून आला. खेडलेकरांना बावीस पडली. अर्ध्या तासाने आरती होती. आरतीचं ताट कोणाच्या हातात द्यायचं हे गुरुदत्त ठरवत असे. गुरुदत्त म्हणजे आठवडाभर खेडलेकरांच्याच कंपनीत गोंदाच्या प्रयोगशाळेतला केमिस्ट, आणि शनिवार-रविवारी आमच्या सगळ्यांचा पुरोहित. वय अडतीस, मंत्र स्वच्छ, बोलणं त्याहून स्वच्छ. त्याने ताट गिरीशच्या हातात दिलं.

खेडलेकरांनी त्या दिवशी प्रसाद घेतला नाही. महिनाभरात त्यांना असा राजा सापडला, ज्याने पुजाऱ्यांची देवळंच बंद करून टाकली होती.

चौथ्या व्याख्यानाच्या दिवशी ते शिकागोहून थेट आमच्याकडे आले. कोटही काढला नाही.

"विष्णुपंत, तीन हजार तीनशे वर्षांपूर्वी! इजिप्तमध्ये देवांचा नुसता बाजार. मांजराचा देव, मगरीचा देव, ससाण्याच्या तोंडाचा देव. सगळ्यांवर दादा म्हणजे आमुन. त्याच्या पुजाऱ्यांकडे जमिनी, गुरं, धान्याची कोठारं, सोनं. आणि हा एक राजा उठतो आणि म्हणतो, बंद! देव एकच. आकाशातली सूर्याची तबकडी. आतेन."

"राजाचं नाव काय?" माझ्या बायकोने, मालिनीने, विचारलं.

"आधी आमेनहोतेप. पण त्यात आमुन येतो ना? म्हणून नाव बदललं. अखेनातेन. आणि नुसतं एवढंच नाही, वहिनी. दगडावर जिथे जिथे आमुनचं नाव कोरलेलं होतं तिथे माणसं पाठवून छिन्नीने उडवलं. बापाच्या नावातला आमुनसुद्धा!"

"बापाच्या नावावर छिन्नी?"

"बापाच्या नावावर!" खेडलेकर एवढे खूश झालेले मी गेल्या दिवाळीनंतर पाहिले नव्हते.

"मग तुमचंही बदला," मी म्हटलं. "जगन्नाथ म्हणजे पुरीचा देव."

"जगाचा नाथ, म्हणजे सूर्यच. माझं चालतं. तुमचं मात्र बघावं लागेल, विष्णुपंत."

मग त्यांनी संग्रहालयातून विकत आणलेलं पुस्तक उघडून एक चित्र दाखवलं. दगडात कोरलेला राजा, समोर राणी, मध्ये त्यांच्या छोट्या मुली. वर सूर्याचा गोल, त्यातून खाली उतरणारे किरण, आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला एक इवलासा हात. चित्र खरोखर सुंदर होतं. मी बराच वेळ पाहिलं. काही हातांत राजा-राणीच्या नाकापाशी धरलेली जीवनाची खूण होती.

"हे हात राजा-राणीपर्यंतच येतात," मी म्हटलं. "बाकीच्या लोकांचं काय?"

"बाकीच्यांनी राजाकडे पाहायचं. राजा सूर्याकडे पाहणार."

"म्हणजे मधला पुजारी गेला, आणि त्या जागेवर राजा बसला."

"तुम्हाला हिशेबापलीकडे काही दिसत नाही."

मला दिसलं ते असं होतं, की अध्यक्षपदाची ही एक अशी जागा आहे जिला मतदान लागत नाही.

पुढे मीही लायब्ररीतून दोन पुस्तकं आणून वाचली. हा राजा सतराएक वर्षं गादीवर होता. जुनी राजधानी सोडून त्याने ओसाड जागी नवं शहर वसवलं. तिथल्या देवळांना छप्परच ठेवलं नाही, कारण देव वरूनच यायचा. हा खरा एकेश्वरवाद होता की राजाने स्वतःची केलेली सोय, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. तो मेल्यावर थोड्याच वर्षांत जुने देव परत आले आणि शहर ओस पडलं. खेडलेकर हा शेवटचा भाग सांगताना घाई करत.

छिन्नीचं काम त्यांनी लगेच सुरू केलं. मंडळाच्या नोव्हेंबरच्या पत्रिकेच्या माथ्यावर 'श्री गणेशाय नमः' होतं. ते टायपिस्ट वापरतात त्या पांढऱ्या रंगाने पुसून त्यांनी अंक गिरीशला पोस्टाने परत पाठवला. गिरीशने मला फोन केला. "काका, हे काय आहे? अंकात प्रिंटिंग मिस्टेक होती का?" मी म्हटलं, "नाही. मतमोजणीची मिस्टेक आहे, ती ते दुरुस्त करतायत."

इथवर गंमत होती. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ती संपली.

त्या गुरुवारी आम्ही दोघं खेडलेकरांकडे जेवायला होतो. त्यांची मुलगी प्रतिमा सुट्टीसाठी युनिव्हर्सिटीतून घरी आली होती. इकडेच जन्मलेली, बाकीच्या मुलांसारखी मराठी समजणारी आणि इंग्रजीत उत्तर देणारी. खेडलेकरांच्या बायकोने, सुमित्रावहिनींनी, या सणाची टर्की कधीच केली नाही. मसालेभात होता.

त्या घराचं देवघर म्हणजे चादरी-टॉवेल ठेवायच्या कपाटातला मधला कप्पा. वरच्या कप्प्यात रजया, खालच्यात टॉवेल, मध्ये पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि चांदीचे पाच टाक. टाक म्हणजे पत्र्यावर उठवलेले कुळाचे देव. घोड्यावरचा खंडोबा, तुळजाभवानी आणि आणखी तीन. ते खेडलेकरांच्या आईने सुमित्रावहिनींना दिलेले. १९६६ साली त्या ते पर्समध्ये रुमालात गुंडाळून इकडे घेऊन आल्या. कस्टमवाल्याने हे काय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांना इंग्रजी शब्द सुचला नाही. त्या म्हणाल्या, "फॅमिली." त्याने सोडलं. अठरा वर्षं त्या कपाटाचं दार उघडून रोज सकाळी त्यांची पूजा होत होती.

भात वाढून होताच खेडलेकरांनी जाहीर केलं, "या रथसप्तमीला आपण नवी सुरुवात करणार. घरात देव एकच. ते पाच टाक देऊन त्यांची एक तबकडी करून घेणार. अशी, किरणांना हात असलेली."

वहिनींचा वाढण्याचा हात थांबला. "कोणाचे टाक?"

"आपले."

"आईंनी ते माझ्या हातात दिले. तुम्ही तिथेच उभे होतात. काय म्हणाल्या ते विष्णुभाऊजींना सांगू?"

"त्याची काही गरज नाही."

"म्हणाल्या, सुमित्रा, जगूच्या हाती देऊ नकोस, हरवून बसेल."

"हरवत कुठे आहेत? चांदी तीच राहणार. फक्त आकार बदलणार."

"मग तुमची कॉलेजातली सर्टिफिकेटं पण भिजत घालू या," वहिनी म्हणाल्या. "कागद तोच राहील."

"डॅड," प्रतिमा म्हणाली, "यू आर गोइंग टू मेल्ट ग्रँडमाज गॉड्स?"

"गॉड्स नाही गं. सिल्व्हर."

"ओके. दॅट्स वर्स."

खेडलेकर हटले नाहीत. मतदानात पडलेल्या माणसाला घर ही एकच जागा उरते, जिथे त्याचा ठराव विरोधाशिवाय मंजूर धरला जातो. कोशिंबीर पुढे सरकवत ते म्हणाले, "एक डिसेंबरला शिकागोला जाताना मी डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या सोनाराकडे देणार. बांधून ठेव."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मालिनीला फोन केला. रडल्या नाहीत, भांडणार असंही म्हणाल्या नाहीत. "मालिनी, भांडून ठेवून घेतले तर रोज त्या कपाटावरून वाद. एक दिवस मी घरी नसताना नेतील. ते टाक मला राहायला हवेत आणि यांना ते गेलेत असं वाटायला हवं. तुला काही सुचतं का?" मालिनीला काही सुचलं नाही. वहिनींना सुचलं.

एक तारखेच्या सकाळी त्यांनी नवऱ्याच्या हातात एक गाठोडं दिलं. पूजेच्या रेशमी कदात घट्ट बांधलेलं, वर तीन गाठी. म्हणाल्या, "सोवळ्यात बांधलेत. पारोशाने सोडू नका."

खेडलेकरांना अमेरिकेत आल्यापासून संध्याकाळी आंघोळ करायची सवय. सकाळी ते पारोसेच बाहेर पडत. आता पाहा. या गृहस्थांनी तेहतीस कोटी देव रद्द केले होते, पत्रिकेवरचा गणपती पुसला होता, आणि देवाचा विषय निघाला की अंधश्रद्धेवर बोलत होते. पण त्यांनी ते गाठोडं सोडलं नाही. घरापासून डेव्हन अ‍ॅव्हेन्यूपर्यंत तासभर गाडी चालवली, गाठोडं शेजारच्या सीटवर, आणि एका गाठीलाही हात लावला नाही. आंघोळ झाली नव्हती ना. सोनाराच्या काउंटरवर ते तसंच ठेवलं, चित्राची झेरॉक्स दिली, दहाला व्याख्यान आहे म्हणाले आणि निघून गेले.

सोनार गुजराती होता. त्याने गाठी सोडल्या. आत अत्तरदाणी, गुलाबदाणी, हळदी-कुंकवाचे दोन करंडे आणि एक चांदीची वाटी निघाली. चांदी ती चांदी. त्याने वजन केलं, एकशे ब्याण्णव ग्रॅम, आणि मुशीत टाकली.

पाचही टाक वहिनींच्या स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीच्या डब्यात होते. रोज सकाळी नवरा गाडी काढून गेला की त्या डाळीत हात घालून टाक काढत, पुसत, फूल वाहत आणि परत डाळीत ठेवत. हे मला मालिनीकडून त्याच आठवड्यात कळलं. मी कोणाला सांगितलं नाही.

थँक्सगिव्हिंगचा शनिवार सुट्टीत गेल्याने शेवटचं व्याख्यान आठ डिसेंबरला झालं. त्या संध्याकाळी मी मंडळाच्या कामासाठी त्यांच्याकडे गेलो होतो. खेडलेकर स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बोलत होते. वहिनी ओट्यापाशी डाळ मोजून घेत होत्या. त्याच डब्यातून.

"लोकांची कमाल आहे, विष्णुपंत. राजाने एवढं शहर वसवलं, एवढा शुद्ध धर्म दिला. आणि उत्खननात मजुरांच्या घरांत काय सापडलं? बेस नावाचा एक जीभ काढलेला बुटका देव. आणि एक पाणघोड्याच्या तोंडाची देवी, बाळंतपणं सांभाळणारी. राजाच्या नाकाखाली!"

"घरात कुठे सापडले?" वहिनींनी मागे न वळता विचारलं.

"कुठे म्हणजे? असेच. घरात. कोनाड्यात म्हण, चुलीपाशी म्हण. अडाणी बायका लपवून ठेवत असतील."

"राजाला कळलं नाही?"

"राजा काय लोकांची स्वयंपाकघरं बघत फिरणार?"

"तेही खरंच," वहिनी म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

रथसप्तमी २७ जानेवारीला, रविवारी आली. पंचांगाशी ती किती जुळत होती हे मी विचारलं नाही. अमेरिकेत आपले सगळे सण रविवारीच येतात. त्या दिवशी मंडळाचं तिळगूळ आणि हळदीकुंकू त्याच चर्चच्या हॉलमध्ये होतं. गिरीशने उदार मनाने खेडलेकरांना सकाळचा एक तास पार्किंग लॉट दिला. "काका, आउटडोअर तुमचं, इनडोअर आमचं," तो म्हणाला. आदल्या रविवारी शिकागोने उणे सत्तावीस डिग्रीचा विक्रम केला होता. या रविवारी बारा होते, म्हणून लोक त्याला ऊब म्हणत होते. फॅरनहाइट, हे सांगायला नको.

आत शंभरावर माणसं कोट काढून तिळाच्या वड्या खात होती. बाहेर आम्ही एकोणीस जण. बर्फ बाजूला सारून केलेल्या जागेत कॅमेऱ्याच्या तिपाईवर ती तबकडी बसवली होती. सोनाराने काम चांगलं केलं होतं. अकरा किरण, अकरा हात. पलीकडे बार्बेक्यूची शेगडी आणि तिच्यावर दुधाचं पातेलं. रथसप्तमीला दूध सूर्यासमोर उतू जाऊ द्यायचं, ते जिकडे सांडेल तिकडे भरभराट, हा आपला घराघरातला रिवाज. खेडलेकरांनी इजिप्तला तेवढा जोडून घेतला होता.

अडचण एकच होती. सूर्य नव्हता. वर एका रंगाचं राखाडी आकाश होतं, घोंगडीसारखं, आणि ते कुठूनही फाटायला तयार नव्हतं.

"तो आहेच," खेडलेकर हातमोजे घातलेले हात वर करून म्हणाले. "दिसत नाही म्हणून नाही असं नाही."

"हे आम्ही आमच्याबद्दल म्हटलं की अंधश्रद्धा होते, काका," गुरुदत्त म्हणाला. तो केवळ बघायला आला होता.

खेडलेकरांनी भाषण केलं. दगडी चित्रातल्याप्रमाणे ते आणि वहिनी तबकडीच्या दोन बाजूंना उभे राहणार होते आणि बाकीच्यांनी समोरून नमस्कार करायचा होता. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी दुधाकडे बघते." मग ते एकटेच उभे राहिले. अकरा हात त्यांच्याकडे. समोर आम्ही सतरा जण. नमस्कार नेमका कोणाला करायचा हे कोणालाच ठरवता येईना. मी टोपी काढून पुन्हा घातली.

"डॅड," प्रतिमा म्हणाली, "इट्स ट्वेल्व डिग्रीज. कॅन द सन ब्लेस अस इन्साइड?"

चाळीस मिनिटं झाली तरी दूध उकळेना. वारा कोळशाची धग उडवून नेत होता. पातेल्याच्या एका बाजूला साय धरत होती आणि दुसऱ्या बाजूला बर्फ. शेवटी गुरुदत्तने पातेलं उचललं, चर्चच्या स्वयंपाकघरात नेलं आणि इलेक्ट्रिक शेगडीवर ठेवलं. तीन मिनिटांत दूध उतू गेलं. कोणत्या दिशेला, ते बघायला वेळ झाला नाही, कारण ते तापलेल्या कॉइलवर सांडलं, धूर झाला आणि छतावरचा अलार्म वाजायला लागला. मग शंभरावर माणसं कोट न घालता बाहेर पार्किंग लॉटमध्ये धावत आली. त्या दिवशी आतेनसमोर जमलेली ती सर्वांत मोठी सभा.

तबकडी खेडलेकरांनी दिवाणखान्यात टीव्हीवर ठेवली आणि रोज सकाळी तिच्यासमोर दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहू लागले. शनिवारी-रविवारी उशिरा उठत, त्यामुळे तेव्हा नाही.

फेब्रुवारीत कंपनीत बातमी पसरली की विक्री घसरली आहे आणि माणसं कमी करणार. यादी शुक्रवारी, एक मार्चला लागायची होती. इंजिनिअरिंगमध्ये सर्वांत जुने आणि सर्वांत महाग खेडलेकरच. घराचे हप्ते आणि प्रतिमाच्या कॉलेजची अजून तीन वर्षं बाकी होती. या धास्तीबद्दल मी हसणार नाही. पन्नाशीनंतर परदेशात नोकरी जाणं काय असतं ते मला माहीत आहे.

गुरुवारी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पुढचं सगळं वहिनींनी मालिनीला शब्दशः सांगितलं, आणि मालिनी शब्द गाळणारी नाही.

"ऐकतेस का?"

"ऐकतेय."

"ते टाक..."

"कुठले टाक?"

"आपले गं. म्हणजे सोनाराने पाचही वितळवले असतील का? एखादा बाजूला ठेवला असेल. कधी कधी ठेवतात."

"एखादा म्हणजे खंडोबा?"

"समजा खंडोबा."

"उद्या यादी ना?"

खेडलेकर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले.

"मग तुमच्या सूर्याला विचारलंत का?"

"आठ दिवस ढग आहेत," खेडलेकर म्हणाले.

वहिनींनी चहाला उकळी येईपर्यंत त्यांना तसंच उभं ठेवलं. मग म्हणाल्या, "खालच्या कपाटात डबे आहेत. तुरीच्या डाळीच्या डब्यात बघा. पण आधी आंघोळ करून या."

ते आंघोळ करून आले. फरशीवर बसले. एकेक डबा उघडू लागले.

"तूर म्हणजे कुठली?"

"पिवळी."

"इथे तीन पिवळ्या आहेत!"

"मग तिन्हीत हात घाला."

तिसऱ्या डब्यात कोपरापर्यंत हात गेल्यावर टाक लागले. खंडोबा पहिला आला. खेडलेकरांनी तो हातात धरला, कपाळाला लावला, आणि मग त्यांच्या डोक्यात गणित सुरू झालं.

"मग वितळलं काय?"

"अत्तरदाणी, गुलाबदाणी, माझे दोन करंडे. आणि तुमच्या मुंजीतली वाटी."

"माझी वाटी?" ते ओरडलेच. "माझ्या आजोबांनी दिलेली? मला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही तुला?"

"तुम्हाला वाटलं होतं?" वहिनींनी विचारलं.

मग वहिनींनी अटी सांगितल्या. "टाक पुन्हा चादरींच्या कपाटात बसणार. त्यांना हात लावायचा तर आंघोळ करून आणि मला विचारून. माझ्यानंतर ते प्रतिमाचे, त्यात तुमचं मत घेतलं जाणार नाही. आणि ती टीव्हीवरची तबकडी मला द्या." खेडलेकरांनी सगळ्याला मान हलवली. ऑफिसला उशीर होत होता आणि हातात खंडोबा होता.

शुक्रवारी यादी लागली. अठ्ठावीस नावं होती. खेडलेकरांचं नव्हतं. गुरुदत्तचं होतं.

रविवारी, तीन मार्चला, वहिनींनी टाकांची रीतसर पुन्हा स्थापना केली. इतके दिवस डाळीत होते म्हणून शुद्धी, अभिषेक, सगळं. पूजा सांगायला गुरुदत्तच हवा असा त्यांचा आग्रह होता. तो आला. दोन दिवसांपूर्वी नोकरी गेलेला माणूस, पण एक मंत्र घाईत म्हटला नाही. वहिनींनी मधल्या कप्प्यात आधी ती तबकडी आडवी ठेवली आणि तिच्यावर पाच टाक मांडले. सूर्य खाली, देव वर. तबकडीचे हात कडेने बाहेर आलेले, टाकांना तोलून धरल्यासारखे. खरं सांगतो, शोभून दिसत होतं.

जेवताना खेडलेकर आम्हाला समजावून सांगत होते की अखेनातेनची चूक तत्त्वात नव्हती, अंमलबजावणीत होती. लोकांना एकदम सगळं झेपत नाही. समन्वय साधावा लागतो. आपण तो साधला आहे. मंडळात यावर एक व्याख्यान ठेवता येईल. गिरीश हो म्हणाला तर.

"नोकरी कोणी वाचवली, काका?" गुरुदत्तने ताक ओतून घेत विचारलं. "खंडोबाने की आतेनने?"

"दोघांचाही हातभार असेल," खेडलेकर म्हणाले.

"मग माझ्या वेळी दोघंही रजेवर होते."

यावर खेडलेकर हसले आणि त्यांनी आणखी भात मागितला.

त्या पूजेची दक्षिणा एक्कावन्न डॉलर ठरली होती. वहिनी आत भांडी आवरत असताना खेडलेकरांनी दारात गुरुदत्तच्या हातावर चाळीस ठेवले आणि उरलेले पुढच्या वेळी देतो म्हणाले. वहिनींना हे माहीत नाही. मला गुरुदत्तनेच सांगितलं, तो माझ्याकडे नोकरीच्या अर्जासाठी शिफारसपत्र मागायला आला होता तेव्हा. जूनमध्ये तो ओहायोला एका रंगाच्या कंपनीत लागला आणि बायकोसह तिकडे गेला. खेडलेकरांकडून त्याचे अकरा डॉलर अजून यायचे आहेत.